वाडा एक, बिऱ्हाडं अनेक!

कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या ओरलला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "आयपी ॲड्रेस म्हणजे काय?" याचं उत्तर कोणीही झोपेतून उठून देईल. बत्तीस बिट्स, चार ऑक्टेट, क्लास ए, क्लास बी, क्लास सी... पण एक्स्टर्नलने हसत हसत "बरं, तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपचा आयपी किती?" असं विचारलं की गाडी अडते. मग कोणी "१२७.०.०.१" म्हणतो, कोणी गुगलवर बघून काहीतरी भलताच आकडा सांगतो, आणि कोणी तर "सर, वायफाय आहे, त्याला आयपी नसतो" असंही म्हणतो!

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. सुट्टीत घरी गेल्यावर "अरे, तू इंजिनिअर ना? मग हा प्रिंटर का चालत नाही ते बघ" हा प्रश्न ब्रँच विचारून येत नाही. आपल्या मशीनचा पत्ता शोधायला अर्धं मिनिट पुरतं. खरी अडचण पुढे असते. सापडलेला आकडा कोणी दिला आणि तो कोणाच्या कामाचा आहे हे न कळल्यामुळे माणसं तासन्‌तास वायफाय बंद-चालू करत बसतात. म्हणून शोधणं पटकन उरकून घेऊ आणि वाचण्याकडे जास्त वेळ देऊ.

(एक सूचना : या पानावर सगळं देवनागरीत छापलेलं आहे. कमांड टाईप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची!)

विंडोज असेल तर विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकदम दाबा, सीएमडी टाईप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग असं सलग लिहा, मध्ये स्पेस नको. (विंडोज ९८ च्या काळात याच कामाला विनआयपीसीएफजी नावाची छोटी खिडकी यायची. आपल्या स्टाफपैकी बऱ्याच जणांना आठवत असेल.) काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय आणि तिथे आपल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज असं आत आत जा. आयपीव्ही४ ॲड्रेस अशी ओळ खाली दिसेल.

तरी मी काळ्या खिडकीच्याच बाजूने मत देईन, कारण तिथे सगळा कारभार एका नजरेत दिसतो. आणि इथेच पहिला गोंधळ होतो, कारण दिसतात ते एक नाही, चार-पाच पत्ते. इथरनेट, वायफाय, ब्लूटूथ असे सगळे ॲडॅप्टर एकाखाली एक येतात. ज्याने व्हर्च्युअलबॉक्स टाकलंय त्याला १९२.१६८.५६.१ असा एक पत्ता दिसतो. ज्याने विंडोजमध्येच लिनक्स बसवलंय त्याला १७२ ने सुरू होणारा आणखी एक. हे दोन्ही पत्ते आपल्याच मशीनच्या पोटातले आहेत, बाहेरच्या कोणाला त्यांचा काही उपयोग नाही. मित्राला चुकून यातलाच एखादा सांगितला की तो तिकडे बिचारा रात्रभर पिंग करत बसतो.

मग खरा कुठला? ज्या ॲडॅप्टरखाली डिफॉल्ट गेटवे या ओळीपुढे आकडा आहे, तो. बाकीच्यांपुढे ती जागा बहुतेक वेळा रिकामी असते. गेटवे म्हणजे घराबाहेर पडायचं दार, आणि जिथून दार दिसतं तोच आपला खरा रस्ता. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मं काम झालं. (व्हीपीएन चालू असेल तर मात्र आधी तो बंद करा. त्याचाही एक ॲडॅप्टर यादीत घुसतो.)

लिनक्सवर टर्मिनल उघडून आयपी, मग स्पेस, मग ए. यादी फार लांब वाटली तर होस्टनेम लिहून स्पेस, हायफन आणि कॅपिटल आय. नुसते पत्ते येतील. जुन्या पुस्तकांतला आयएफकॉन्फिग नव्या उबुंटूत मुळात बसवलेला नसतो, त्यामुळे "कमांड नॉट फाउंड" आलं तर घाबरू नका, जर्नल जुनं आहे एवढंच. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, वायफाय आणि आपल्या नेटवर्कसमोरचं डिटेल्स. मोबाइलवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर बोट ठेवलं की पत्ता तिथेच कुठेतरी खाली सापडतो.

समजा आपल्याला हे दिसलं : पत्ता १९२.१६८.१.७, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. आता गंमत अशी की हाच पत्ता तुमच्या शेजाऱ्याच्या लॅपटॉपचाही असू शकतो. नागपूरच्या मावसभावाचाही असू शकतो. जगात या क्षणी १९२.१६८.१.७ असा पत्ता असलेली किती यंत्रं चालू असतील याची गणती नाही. मग पत्ता एकमेव असतो असं पुस्तकात वाचलं होतं त्याचं काय?

थोडा इतिहास सांगायला हवा. आयपीव्ही४ चं आजही वापरात असलेलं स्पेसिफिकेशन सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. पत्त्याला ३२ बिट्स म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. विद्यापीठं, लष्कर आणि काही कंपन्या एवढेच लोक नेटवर होते तेव्हा सव्वाचारशे कोटींच्या वरचा हा आकडा म्हणजे चैन होती. नव्वदच्या दशकात इंटरनेट घराघरात शिरायला लागलं (आपल्याकडे सर्वसामान्यांना ते १५ ऑगस्ट १९९५ पासून व्हीएसएनएलने दिलं) आणि हे पत्ते पुरणार नाहीत हे दिसायला लागलं. त्यावर फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने तोडगा पक्का केला. पत्त्यांचे तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवले : १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. पहिल्यात १ कोटी ६७ लाखांवर पत्ते आहेत, म्हणून मोठ्या कंपन्या आणि आपल्यासारखी कॉलेजेस बहुधा तो घेतात. तिसऱ्यात ६५,५३६ आहेत, घरांना ते उदंड. हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता आपल्या चार भिंतींच्या आत वापरावेत, फक्त ते बाहेरच्या इंटरनेटवर चालणार नाहीत, असा करार.

हे समजायला आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. रस्त्यावरून वाड्याला एकच नंबर. आत बिऱ्हाडं दहा, आणि प्रत्येकाच्या खोलीला नंबर. "खोली नंबर सात" प्रत्येक वाड्यात असते, पण त्यामुळे कोणाचा घोटाळा होत नाही, कारण खोली नंबर फक्त वाड्यातल्या वाड्यात वापरायचा असतो. पोस्टमन दिंडी दरवाजापर्यंत येतो. आतल्या खोलीपर्यंत पत्र पोचवणं हे दारावरच्या माणसाचं काम. आपला राउटर म्हणजे तो दारावरचा माणूस. तुमच्या लॅपटॉपने बाहेर काही मागितलं की तो "पाठवणार" च्या जागी वाड्याचा नंबर घालतो, आपल्या वहीत "हे सातच्या खोलीचं" अशी नोंद करतो, आणि उत्तर आलं की वही बघून सातच्या दारात नेऊन देतो. याला नॅट म्हणतात. वहीत नोंद नसलेलं पत्र बाहेरून आलं तर तो ते टाकून देतो. म्हणजे बाहेरचा माणूस आपणहून थेट खोलीत येऊ शकत नाही. याचा फायदा काय आणि तोटा काय, ते पुढे येईलच.

खोली कोणी दिली?

लॅपटॉपला सात नंबर कोणी दिला? तुम्ही तर काही भरलं नव्हतं. तोही राउटरनेच. वायफायला जोडल्या जोडल्या आपलं मशीन सगळ्या नेटवर्कवर ओरडतं, "कोणी खोली देतं का खोली?" राउटर म्हणतो, "सात नंबर रिकामी आहे." मशीन म्हणतं, "मग ती मला द्या," आणि राउटर म्हणतो, "दिली." एवढ्या चार वाक्यांचा व्यवहार म्हणजे डीएचसीपी. परीक्षेत तो डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक्नॉलेज असा लिहायचा असतो. खोली कायमची मिळत नाही, ठराविक मुदतीने भाड्याने मिळते. मुदत संपायच्या आत मशीन ती वाढवून मागतं, आणि बरेच दिवस घराबाहेर राहून परत आलं तर दुसरीच खोली मिळू शकते. काल चाललेला पत्ता आज चालत नाही याचं हे साधं कारण.

आता समजा ओरडून ओरडून कोणीच उत्तर दिलं नाही. मग विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता उचलतं. हा आकडा दिसला की त्याचा सरळ अर्थ : मशीन राउटरपर्यंत पोचलेलंच नाही, किंवा राउटर खोल्या द्यायला तयार नाही. अशा वेळी ब्राउझर बदलून, अँटिव्हायरस काढून, विंडोज पुन्हा टाकून काही होत नाही. (हे तिन्ही उपाय करणारे वीर आपल्या हॉस्टेलमध्ये आहेत.) वायर बघा, राउटर बंद करून पुन्हा चालू करा, मग आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश रिलीज आणि पाठोपाठ आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश रिन्यू. १९२.१६८ परत आला की अर्धी लढाई जिंकली.

आता त्या प्रिंटरकडे येऊ. अलीकडे घरोघरी फायबर आला आहे. कंपनीचा माणूस हॉलमध्ये एक डबा लावून जातो. तोच राउटर असतो आणि वायफायही तोच देतो. पण आतल्या खोलीत रेंज येत नाही, म्हणून बाबा बाजारातून दुसरा राउटर आणतात. हॉलच्या डब्यातून वायर काढून नव्या राउटरच्या वॅन पोर्टला, म्हणजे बहुतेकदा वेगळ्या रंगाच्या त्या एकट्या भोकात, घालतात. नेट झकास चालतं. सगळे खूश. दोन दिवसांनी हॉलमधल्या कॉम्प्युटरवरून आतल्या खोलीतल्या प्रिंटरला प्रिंट जात नाही. प्रिंटर चालू, वायफाय चालू, कागद आहे, शाई आहे!

इथे दोन्हीकडचे पत्ते शोधून शेजारी शेजारी लिहा. हॉलच्या कॉम्प्युटरचा १९२.१६८.१.५. प्रिंटरचा (त्याच्या पडद्यावर नाहीतर त्याने छापलेल्या नेटवर्कच्या पानावर मिळतो) १९२.१६८.०.१०४. तिसरा आकडा वेगळा! मास्क २५५.२५५.२५५.० आहे, म्हणजे पहिले तीन आकडे जुळले तरच दोघं एका नेटवर्कवर. थोडक्यात, बाबांनी नकळत वाड्यात दुसरा वाडा बांधला आहे. आतल्या वाड्याच्या दारावरही एक माणूस वही घेऊन बसलाय, आणि हॉलमधून पाठवलेली प्रिंट त्या आतल्या वाड्यात पोचतच नाही. उलट दिशेने, म्हणजे आतल्या खोलीतला लॅपटॉप आणि हॉलमधला प्रिंटर अशी मांडणी असती, तर प्रिंटर यादीत आपोआप दिसला नसता, पण त्याचा पत्ता हाताने भरल्यावर प्रिंट बहुधा गेली असती. बाहेर जाणाऱ्याला दारावरचा माणूस अडवत नाही. एकाच घरात "माझ्याकडून जातंय, तुझ्याकडून का जात नाही?" अशी भांडणं लागतात ती यामुळे.

उपाय दोन. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो चालू करा, विषय संपला. नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता हॉलच्या डब्याच्या नेटवर्कमधला पण रिकामा असा ठेवा (उदाहरणार्थ १९२.१६८.१.२), आणि वायर वॅनमधून काढून साध्या लॅन पोर्टला लावा. आता दुसरा राउटर मालक राहिला नाही, नुसता जिन्यातला दिवा झाला. सगळ्यांना खोल्या हॉलचा डबाच देईल आणि तिसरा आकडा सगळीकडे सारखा येईल. क्रम मात्र पाळा. आधी डीएचसीपी बंद, मग वायर लॅनला.

आमच्या विंगची काळरात्र

क्रम पाळला नाही तर काय होतं ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको, नावानिशी माहीत नसलं तरी सगळ्यांनी भोगलेलं असतं. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगचं नेट जातं. म्हणजे धड जात नाही. वायफाय दिसतं, "कनेक्टेड" म्हणतं, पण पान एकही उघडत नाही. कोणाचं चालतं, कोणाचं नाही. रेक्टर सरांना फोन जातो, सर्व्हर रूमवाल्या काकांना शिव्या पडतात, आणि काका तर शपथेवर सांगत असतात की इकडे सगळं व्यवस्थित आहे. काका खरं बोलत असतात!

झालेलं असतं असं : कोणीतरी घरचा जुना राउटर आणलेला असतो आणि भिंतीतल्या सॉकेटची वायर त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टला घातलेली असते, डीएचसीपी चालूच ठेवून. आता विंगमध्ये खोल्या वाटणारे दोन मालक झाले. कॉलेजचा खरा आणि हा तोतया. मशीन ओरडलं की सहसा ज्याची ऑफर आधी पोचते ती ते घेतं, आणि शेजारच्या खोलीतला राउटर सर्व्हर रूमपेक्षा जवळ. तोतया आपल्या पद्धतीने १९२.१६८.०.१२ वगैरे पत्ता देतो आणि "बाहेर जायचं दार म्हणजे मीच" असंही सांगतो. पण त्याच्याकडे बाहेरची वायरच नाही. दार उघडलं की समोर भिंत. ज्यांची जुनी मुदत अजून संपलेली नाही त्यांचं नेट चालू राहतं, म्हणून "माझं तर चालतंय" म्हणणारे दोन-चार जणही निघतात आणि गोंधळ आणखी वाढतो.

हे ओळखायला आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश ऑल. त्या लांबलचक यादीत डीएचसीपी सर्व्हर अशी एक ओळ असते. पत्ता कोणी दिला त्याचं नाव तिथे सापडतं. कॉलेजचं नेटवर्क १० ने सुरू होत असेल आणि तुमच्या इथे १९२.१६८.०.१ दिसत असेल, तर तोतया पकडला गेला. पुढे एआरपी, स्पेस, हायफन ए ही कमांड मारली की त्या पत्त्यासमोर त्याचा मॅक ॲड्रेस येतो. त्यातल्या पहिल्या सहा खुणांवरून बहुतेकदा बनवणारी कंपनी कळते. मग "अमुक कंपनीचा राउटर कोणाकडे आहे रे?" असा पुकारा विंगमध्ये केला की काम झालं. पुकाऱ्याला कोणी दाद देत नसेल तर मॅक ॲड्रेस लिहून काकांना द्या. मॅनेज करता येणारा स्विच असेल तर तो कुठल्या भोकातून येतोय ते त्यांना दिसतं. अशा स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोयही असते. ती चालू केली की ठरवून दिलेल्या पोर्टशिवाय इतर कुठूनही कोणी खोल्या वाटायला लागलं तर स्विच ते तिथल्या तिथे गिळतो. स्टाफपैकी ज्यांच्या हातात हे आहे त्यांना आमची नम्र विनंती, पीएल सुरू व्हायच्या आत तेवढं बघावं.

प्रोजेक्टवाल्यांचीही एक नेहमीची रड आहे. लॅपटॉपवर सर्व्हर चालवला, ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ टाकलं, पान सुंदर दिसलं. डेमोला तेच मोबाइलवर उघडायचं म्हणून मोबाइलमध्येही १२७.०.०.१ टाकलं, आणि पान काही येईना. १२७.०.०.१ म्हणजे "मी स्वतः". मोबाइलने स्वतःलाच विचारलं, त्याच्याकडे तुमचा प्रोजेक्ट कुठून असणार! तिथे लॅपटॉपचा खरा, गेटवेच्या जोडीचा पत्ता टाकायचा, पुढे कोलन देऊन पोर्ट नंबर. तरी नाही आलं तर सर्व्हर फक्त स्वतःचंच ऐकतोय का ते बघा. फ्लास्क, जँगो वगैरे मुळात १२७.०.०.१ वरच कान लावून बसतात, त्यांना ०.०.०.० वर बसायला सांगावं लागतं. तरीही नाही तर विंडोजचा फायरवॉल. तोही नाही तर कॉलेजचं वायफाय. मोठ्या नेटवर्कवर बऱ्याच ठिकाणी एका मशीनला दुसरं दिसूच नये अशी व्यवस्था मुद्दाम केलेली असते, आणि ती योग्यच आहे. डेमोच्या दिवशी सरळ लॅपटॉपचा स्वतःचा हॉटस्पॉट चालू करावा आणि मोबाइल त्याला जोडावा. विंडोजच्या हॉटस्पॉटमध्ये लॅपटॉप बहुधा १९२.१६८.१३७.१ होऊन बसतो, तोच पत्ता मोबाइलमध्ये टाका.

वाड्याचा नंबर

आतापर्यंत सगळं आतलं झालं. बाहेरचा, म्हणजे वाड्याचा नंबर हवा असेल तर गुगलवर "व्हॉट इज माय आयपी" विचारतात. तो आकडा आयपीकॉन्फिगमधल्या आकड्याशी जुळत नाही म्हणून गोंधळायचं कारण नाही. दोन्ही बरोबर आहेत, एक खोलीचा, एक वाड्याचा. आणि इथे एकदम २ ने सुरू होणारी, मध्ये मध्ये कोलन आणि इंग्रजी अक्षरं असलेली लांबच लांब ओळ दिसली तर ती आयपीव्ही६ ची. जुने पत्ते वाटून खरंच संपले. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटले गेले. आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिट्सचा, म्हणजे प्रत्येक खोलीला स्वतःचा रस्त्यावरचा नंबर देता येतो. भारतात २०१६ मध्ये जिओ आल्यापासून मोबाइलवर तो सर्रास झाला आहे. आयपीकॉन्फिगमध्ये एफई८० ने सुरू होणारी ओळ दिसते ती मात्र वेगळी. ती फक्त त्या वायरपुरती किंवा त्या वायफायपुरती असते, तिच्याकडे सध्या दुर्लक्ष करा.

हॉस्टेलमधून घरच्या कॉम्प्युटरवर पोचायचं असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी आधी एक गोष्ट तपासावी. सुट्टीत घरी असताना राउटरचं पान उघडा (ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकला की उघडतं) आणि त्यात वॅन आयपी बघा. तो आणि गुगलने सांगितलेला आयपीव्ही४ सारखा असेल तर राउटरला "अमुक पोर्टवर येईल ते सातच्या खोलीत सोड" असं सांगता येतं. पण वॅन आयपी १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ च्या मधल्या आकड्याने सुरू होत असेल, तर समजा की तुमचा वाडाच कंपनीच्या एका प्रचंड वाड्यात आहे. रस्त्यावरचा नंबर तुमच्या वाट्याला आलेलाच नाही, कित्येक घरांत मिळून तो एक आहे. (१००.६४ चा हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याचसाठी राखला गेला.) मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी येऊ शकत नाही. कंपनीकडून जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता घ्यायचा, आयपीव्ही६ वापरायचा, किंवा मधला सर्व्हर वापरणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, हेच मार्ग.

जाता जाता त्या धमकीबद्दल. गेम खेळताना भांडण झालं की समोरचा "तुझा आयपी माझ्याकडे आहे" म्हणतो आणि १९२.१६८.१.५ असं काहीतरी टाकतो. फर्स्ट इयरचं पोरगं बघतं तर आकडा खरंच जुळतो! जुळणारच, निम्म्या जगाचा तो तसाच असतो. हेच थोड्या गंभीरपणे फोनवर होतं. "आम्ही कंपनीतून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी घुसलंय, पुरावा हवा तर ही कमांड मारा" असं म्हणून आपल्याच खिडकीतले आकडे आपल्यालाच दाखवणारे महाभाग असतात, आणि मग "दुरुस्तीसाठी" मशीनचा ताबा मागतात. घरी आई-बाबांना एवढं आधीच सांगून ठेवा, की त्या खिडकीतला १९२.१६८ वाला आकडा कोणालाही कळला तरी काही बिघडत नाही, आणि तो दाखवून घाबरवणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्यायचा. बाहेरचा पत्ता कळला तरी बहुतेक वेळा कंपनी आणि अंदाजे शहर एवढंच समजतं. तो अमुक वेळी कोणाच्या घरी होता हे कंपनीच्या नोंदीतून निघतं, आणि त्या नोंदी पोलिसांना मिळतात, गेममधल्या भांडकुदळाला नाही.

पत्ता रोज बदलू नये असं वाटत असेल, उदाहरणार्थ प्रिंटरचा, तर मशीनमध्ये हाताने आकडा भरू नका. राउटर तोच आकडा उद्या पाहुण्याच्या मोबाइलला देऊन बसेल आणि एका खोलीत दोन बिऱ्हाडं होतील. त्यापेक्षा राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये प्रिंटरचा मॅक ॲड्रेस नोंदवून खोली राखून ठेवा. मोबाइलसाठी हेच करायचं तर एक अडचण येते. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक नेटवर्कला खोटा मॅक सांगतात. बाहेर ते चांगलंच आहे. पण हॉस्टेलच्या फॉर्मवर लिहिलेला मॅक आणि फोन सांगतो तो मॅक जुळत नाही आणि नेट मिळत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच. फक्त त्या एका नेटवर्कपुरती ही सोय बंद करावी.

राहिला घरून येणारा फोन. "अरे, नेट चालत नाहीये." आपण इथे मेसच्या रांगेत, ते तिथे. त्यांना आयपीकॉन्फिग मारायला लावा आणि वायफाय किंवा इथरनेटच्या भागातला पत्ता वाचून घ्या. "एकशे एकोणसत्तर" ऐकू आलं तर वायर हलवायला आणि राउटर बंद-चालू करायला सांगा. "एकशे ब्याण्णव" ऐकू आलं तर पिंग, स्पेस आणि गेटवेचा आकडा. उत्तर आलं तर राउटरपर्यंत सगळं ठीक. मग पिंग ८.८.८.८. त्याला उत्तर नाही तर कंपनीला फोन करायला सांगा, घरात शोधण्यासारखं बहुधा काही नाही. ८.८.८.८ ला उत्तर येतंय पण साइट नावाने उघडत नाहीत, तर डीएनएसची भानगड आहे. राउटर एकदा पुन्हा चालू करून बघायला सांगा आणि तेवढ्यात आपलं ताट वाढून घ्या.